मोटरच्या मशीनचा पुरावा

"निधी आला म्हणूनच समज!" वीज उपकेंद्राच्या साहेबांनी फोनवर बायकोला छातीठोकपणे सांगितलं. "नवे ट्रान्सफॉर्मर, नव्या तारा, सगळं! चौसष्ट पानांचा अर्ज केलाय. वाचणारा रडल्याशिवाय राहायचा नाही!"

"बरं," बायको म्हणाली. "बाळाला आंघोळ घालायचीय. ठेवते."

हे 'ठेवते' साहेबांना फार लागायचं. अकरा महिन्यांपूर्वी बाई लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. भांडण म्हणाल तर काही नव्हतं. बाई शिवणकाम करायच्या, आणि इथे विजेचा दाब इतका कमी की मोटरचं मशीन टाका घालायचं सोडून नुसतं कण्हायचं. लेकीकडे वीज दणदणीत, गिऱ्हाइकंही भरपूर. जाताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "गावाला वीज देणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार! मशीन चालायला लागलं की कळवा."

तेव्हापासून साहेब उभ्यानेच जेवत. बसून जेवायचं तर समोर कोणीतरी लागतं. मशीनखाली बाईंचं अर्धवट शिवलेलं झबलं तसंच होतं. साहेब रोज त्यावरची धूळ झटकत, पण ते काढून ठेवायचा धीर त्यांना झाला नाही. बाई आठवायच्या, अगदी पोटातून आठवायच्या. मात्र हे फोनवर कसं सांगतात, ते काही त्यांना येत नव्हतं.

सरकारी योजनेची अट सोपी होती. जिथे विजेचा दाब सगळ्यात कमी, तिथे निधी आधी. गुरुवारी दुपारी चार वाजता समिती येऊन मोजणार होती. साहेबांनी लगेच फोन लावला.

"तू गुरुवारी ये! समितीसमोर मशीन चालवून दाखव. कसं कण्हतंय ते त्यांच्या कानांनी ऐकू देत. पुरावा म्हणून ये!"

"पुरावा म्हणून?" पलीकडून बाईंनी विचारलं. "बरं, येते."

गुरुवारी बाई आल्या. पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली. साहेबांना खूप काही बोलायचं होतं, पण मागोमाग समितीची गाडी आली. समितीच्या प्रमुख बाई कडक होत्या. हातात मोजणीयंत्र, कपाळावर आठ्या.

"दाखवा तुमचं मशीन!"

साहेबांच्या बाईंनी बटण दाबलं. आणि काय सांगावं! मशीन असं सुटलं, असं सुटलं, की अकरा महिने अडकलेलं झबलं पाच मिनिटांत शिवून बाहेर! पंखा छताला घेऊन उडतो की काय असा फिरू लागला. प्रमुख बाईंनी यंत्र लावलं.

"दोनशे बत्तीस व्होल्ट! अहो, इतका दाब आमच्या ऑफिसातही नसतो!"

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. क्षणात त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. खांबमामा!

खांबमामा म्हणजे उपकेंद्राचे सर्वांत जुने लाइनमन. कोणी मोठं माणूस तपासणीला आलं की ते न सांगता गावातल्या तिन्ही वस्त्यांची लाइट बंद करत. मग उरलेली सगळी वीज कचेरी आणि साहेबांच्या घराकडे धावायची, दिवे लखलखायचे, आणि शेऱ्यात 'उत्तम' पडायचं. ही युक्ती साहेबांनीच त्यांना शिकवली होती. यंदा ती करायची नाही, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं!

साहेब मोरीत शिरून फोन लावू लागले. फोन बंद! लोकांच्या तक्रारी पाहुण्यांसमोर येऊ नयेत म्हणून तेवढा वेळ फोन बंद ठेवायचा, हेही साहेबांनीच शिकवलेलं.

"मॅडम, एरवी असं नसतं हो!" बाहेर येऊन ते काकुळतीला आले.

"नसतं कसं? मागच्या चारही तपासण्यांत दोनशे तीसच्या वर आहे. खोटं होतं का ते?"

खोटं म्हणावं तर नोकरी जाते, खरं म्हणावं तर निधी जातो. अर्जावर 'गरज नाही' असा शेरा पडला आणि गाडी निघून गेली.

बाई झबल्याकडे बघून हसत होत्या. "मशीन खरंच चालतं केलंत की! मला वाटलं, नुसत्या बाता आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. "साहेब, पाहुणे खूश ना? सोडू का वस्त्यांची लाइट?"

साहेबांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असं हसू या घरात अकरा महिन्यांत उमटलं नव्हतं. "दहा मिनिटं थांबा," ते पुटपुटले. दहाची वीस झाली. तिकडे तीनशे घरं घामाघूम झाली असतील! शेवटी त्यांचंच मन त्यांना खाऊ लागलं. "सोडा," ते म्हणाले. पंखा रेंगाळला, दिवा पिवळा पडला. साहेबांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं.

बाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी झबल्याची घडी घातली.

"मी काय विजेची वाट बघत होते का हो?" त्या हळूच म्हणाल्या. "अकरा महिने तुम्ही फोनवर ट्रान्सफॉर्मरचंच सांगताय. तुझ्यावाचून करमत नाही, ये, असं एकदा तरी म्हणालात? बोलावलंत तेही पुरावा म्हणून!"

चौसष्ट पानं सरसर लिहिणारे साहेब मशीनवरची नसलेली धूळ झटकू लागले.

"करमत नाही गं," अखेर ते म्हणाले. "राहा ना."

बाईंनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बघू," त्या म्हणाल्या.

गेली तीस वर्षं साहेब अर्ज घेऊन टेबलासमोर येणाऱ्या माणसांना हेच सांगत आले होते. ती माणसं कशा मनाने घरी जात असतील, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि त्या सगळ्यांनी विचारलं होतं, तेच त्यांनीही अगदी हात जोडून विचारलं.

"साधारण कधीपर्यंत कळेल?"