अ‍ॅक्सेस हवाय? कारण लिहा

कुणाला काय दाखवायचं आणि कुणापासून काय झाकायचं, हे ज्याला कळलं त्याला ऑफिस कळलं. मला ते कळलं होतं. आमच्या कंपनीत मुलांच्या बागेसाठी झोपाळे आणि घसरगुंड्या बनतात. त्या बनतात खाली कारखान्यात. वर ऑफिसात बनतात ते कागद, आणि त्या कागदांच्या सगळ्या किल्ल्या माझ्या हातात. कुठलं फोल्डर कोण उघडणार, कोण नुसतं बघणार, कोण कॉमेंट करणार आणि कोण बदल करणार, हे ठरवणारा मी.

एक खुलासा आत्ताच करतो. ही हकिकत मी ज्या फाइलमध्ये लिहितोय ती घरात शेअर केलेली आहे. मध्ये मध्ये चौकटी कंसात कॉमेंट येतील. त्या काढायचा अधिकार मला नाही. का नाही, ते पुढे येईलच.

[कॉमेंट, सासूबाई: सुरुवातीलाच एवढी फुशारकी नको. वाचणारा तिथेच उठतो.]

तर, माझ्या आधी ऑफिसात आनंदीआनंद होता. कुणीही कुठलीही फाइल उघडावी आणि काहीही खुडबुड करावी. आमचा ड्रॉइंगवाला, ज्याच्या कानामागे कायम पेन्सिल असते आणि म्हणून ज्याला सगळे पेन्सिलच म्हणतात, त्याने एकदा घसरगुंडीच्या उंचीच्या रकान्यात स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता. ग्राहकाने फोन करून विचारलं, "एवढ्या उंचीवरून मूल खाली येईपर्यंत त्याची शाळा संपेल ना?"

त्या दिवशी मी नियम केला. अ‍ॅक्सेस हवा असेल तर विनंती करायची आणि विनंतीत कारण लिहायचं. कारण नाही तर अ‍ॅक्सेस नाही. नियमांचं पान तयार करून प्रत्येक फोल्डरमध्ये पहिलंच ठेवलं. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, "तुम्हाला विभागप्रमुख करायला पाहिजे. बागांचं काम मिळू दे, मग बघतोच."

बागांचं काम म्हणजे एका मोठ्या बांधकाम कंपनीच्या सगळ्या वसाहतींत खेळण्याच्या जागा उभारायच्या होत्या. त्यांची माणसं दुपारी तीन वाजता आमचा प्रस्ताव बघायला येणार होती. काम मिळालं तर मी विभागप्रमुख. नाही मिळालं तर मी आहे तिथेच, पेन्सिलच्या शेजारच्या खुर्चीत, पंखा जिथे पोचत नाही तिथे.

सकाळी साहेबांचा फोन आला. "प्रस्तावाचं फोल्डर माझ्या नावावर करून टाका. मालकी माझ्याकडे द्या. पाहुण्यांसमोर काही अडलं तर मला तुमच्या तोंडाकडे बघायला नको."

"आत्ता करतो, साहेब."

आत्ता म्हणजे कधी, तर मी दारात उकिडवा बसून मुलीच्या बुटाची नाडी बांधत होतो तेव्हा. मुलीला आम्ही चिमणी म्हणतो. चिमणीचा एक पाय माझ्या गुडघ्यावर, दुसरा हवेत, आणि माझ्या डाव्या हातात फोन. 'मालक बदला' हे बटण दाबलं. पुढे नाव लिहायची चौकट आली. आता हे सॉफ्टवेअर मोठं मनमिळाऊ. तुम्ही ज्या माणसाशी सगळ्यात जास्त फाइली शेअर करता त्याचं नाव ते आपणहून वर आणून ठेवतं. माझ्या बाबतीत ते साहेबांचं नव्हतं.

सासूबाईंचं होतं.

झालं असं होतं की मध्यंतरी त्यांच्या घराला रंग दिला. 'दिवाणखान्याचा रंग' नावाची एक फाइल मी आणि सासूबाईंनी मिळून इतक्या वेळा इकडून तिकडे पाठवली, की शेवटी रंगाऱ्याने कंटाळून पांढरा देऊन टाकला. त्या फाइलीच्या पुण्याईने सासूबाई माझ्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसल्या होत्या.

सॉफ्टवेअरने विचारलं, "नक्की?"

हा प्रश्न मला याआधी एकदाच विचारला गेला होता, लग्नाच्या वेळी. तेव्हाही समोर सासूबाईच होत्या आणि तेव्हाही मी न वाचता हो म्हटलं होतं.

[कॉमेंट, बायको: हे वाक्य राहू दे. मी आईला दाखवलंय.]

ऑफिसात पोचलो तर पेन्सिल दारातच. "काय रे, फोल्डर उघडत नाहीये. 'तुम्हाला परवानगी नाही, विनंती करा' असं येतंय."

"मग कर की विनंती," मी ऐटीत म्हणालो. "मालकी आता साहेबांकडे आहे."

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. "अहो, मलाही उघडत नाहीये."

मी माझ्या टेबलाशी जाऊन उघडायचा प्रयत्न केला. मलाही परवानगी नव्हती. खाली बारीक अक्षरात मालकाचं नाव होतं. ते वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिन्यात जाऊन फोन लावला.

"हॅलो, आई? सकाळी तुमच्या फोनवर काही आलं होतं का?"

"आलं ना. 'तुम्हाला मालकी देण्यात येत आहे, स्वीकारता का?' मी स्वीकारली."

"पण का?"

"कुणी मालकी देत असेल तर नाही म्हणायचं का, जावईबापू? तुमच्या सासऱ्यांनी अजून टीव्हीचा रिमोट दिला नाही हातात."

"बरं. आणि मग आमचे अ‍ॅक्सेस कसे गेले?"

"मला वाटलं रंगाचंच काहीतरी आहे. आत जाऊन बघते तर सगळी अनोळखी माणसं. एकाच्या फोटोच्या जागी नुसती पेन्सिल. म्हटलं, हे कोण माझ्या घरात? सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं."

"मलाही?"

"तुम्ही कुठले होतात?"

"टायवाला."

"ते तुम्ही? मला विमा विकणारा वाटला."

मी घाईघाईने सगळं समजावलं. फोल्डर ऑफिसचं आहे, तीनला पाहुणे आहेत, माझी बढती टांगलेली आहे. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचं शांत ऐकणं हे दुसऱ्यांच्या ओरडण्यापेक्षा मोठं असतं.

"देते की," त्या म्हणाल्या. "आत पहिलंच पान तुमच्या नियमांचं आहे. वाचलं मी. चांगले आहेत नियम. त्याप्रमाणे करा विनंती."

त्यानंतर आमच्या ऑफिसात जे घडलं ते मी जसंच्या तसं खाली उतरवतो. माझ्या शब्दांत सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

विनंती, पेन्सिल. कारण: अर्जंट.
उत्तर: अर्जंट हे कारण नव्हे, अवस्था आहे. पुन्हा लिहा.

विनंती, पेन्सिल. कारण: झोपाळ्याच्या साखळीचं चित्र बदलायचं आहे.
उत्तर: का? आधीचं चुकलं होतं का?

विनंती, पेन्सिल. कारण: हो.
उत्तर: प्रामाणिकपणाबद्दल अ‍ॅक्सेस देत आहे. फक्त पाहण्यापुरता.

विनंती, हिशेबवाल्या ताई. कारण: नमस्कार. दरपत्रकातल्या बेरजा दुपारच्या बैठकीआधी एकदा तपासाव्यात असं वाटतं. आपल्या सोयीने परवानगी द्यावी.
उत्तर: वा. पूर्ण अ‍ॅक्सेस. इतरांनी यांच्याकडून शिकावं.

विनंती, साहेब. कारण: मी मालक आहे.
उत्तर: इथे मालक म्हणून माझं नाव दिसत आहे. कारण लिहा.

हिशेबवाल्या ताई आपली विनंती सगळ्यांना वाचून दाखवत टेबलांमधून फिरू लागल्या. पेन्सिलने त्यांच्याकडून मसुदा मागितला. त्यांनी दिला नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"या बाई कोण?"

"साहेब, त्या... बाहेरच्या आहेत."

"सल्लागार?"

"सल्ला देतात, हो."

"महाग असतील."

"पैसे घेत नाहीत."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "कमाल आहे. मला अनेक वर्षांत कुणी कारण विचारलेलं नाही. मी आत्ता लिहायला बसलो तर मला सुचेना, मला ते फोल्डर नेमकं कशाला हवंय. हा विचार तुम्हाला सुचला कसा?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी ती नम्रपणे हसण्यात घालवली.

[कॉमेंट, बायको: हे हसणं मला माहीत आहे.]

बाहेर येऊन मी माझी विनंती पाठवली. कारण व्यवस्थित लिहिलं, 'आपला नम्र' सुद्धा लिहिलं. उत्तर आलं एका शब्दाचं. प्रलंबित.

पुन्हा जिना, पुन्हा फोन. "आई, पेन्सिलला दिलात, ताईंना दिलात. माझीच विनंती प्रलंबित का?"

"माझीही एक आहे तुमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "तीही प्रलंबितच आहे."

"कसली?"

"बघा जरा."

माझ्या फोनवर घरच्या सूचना मी कधीच बंद करून ठेवल्या होत्या. कामात व्यत्यय येतो म्हणून. शोधत शोधत खाली गेलो. एका औषधाच्या दुकानाची सूट, चिमणीच्या शाळेचं सहलीचं पत्रक, आणि त्याच्याखाली ती विनंती होती. 'चिमणीचे फोटो' या फोल्डरसाठी. तेव्हा माझा नियम घरी लागूही नव्हता, तरी सासूबाईंनी आपणहून कारण लिहिलं होतं.

कारण: पुढचा दात पडला म्हणे. बघायचा आहे.

मी जिन्यातच बसलो. तो दात पडला होता, ती जागा काही काळ रिकामी राहिली होती, आणि आता तिथे नवा दात पूर्ण आला होता. सकाळीच तर तो दाखवत चिमणी हसली होती, पाय माझ्या गुडघ्यावर ठेवून.

"आई," मी म्हणालो.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कामात असता."

मी तिथल्या तिथे परवानगी दिली. नुसती बघण्याची नाही, सगळी.

आणि सासूबाई फोटो बघत बसल्या.

तीन वाजले. पाहुणे आले, दोन गृहस्थ आणि एक बाई. माझी विनंती प्रलंबितच, आणि पेन्सिल आणि ताईंसाठीही दार पुन्हा बंद झालेलं. फोन केला तर उचलत नाहीत. साहेब भिंतीवरच्या पडद्याशेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते, जे त्यांना अजिबात नको होतं. मी पाहुण्यांना पाणी दिलं. पुन्हा दिलं. पेन्सिलने उठून झोपाळ्याच्या साखळीबद्दल बोलायला सुरुवात केली. साखळीला कड्या असतात, एक कडी दुसरीत अडकवलेली असते, इथपर्यंत तो रंगवून रंगवून आला आणि थांबला. पाहुण्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

टिंग.

'तुम्हाला अ‍ॅक्सेस मिळाला आहे.' सगळ्यांचेच फोन वाजले. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, फोल्डर उघडलं आणि पहिल्या फाइलवर टिचकी मारली.

भिंतभर चिमणी आली. घसरगुंडीच्या टोकाशी, पाय वर, केस उभे, आणि तोंड एवढं उघडं की दाताची खिडकी टेबलाएवढी.

[कॉमेंट, सासूबाई: तुमच्याकडे फोटो परत हरवतील अशी भीती होती. म्हणून दार लावून मी ते नीट माझ्या फोल्डरमध्ये आणून ठेवले. फोल्डर माझंच होतं.]

पाहुण्या बाई हसल्या, खरं हसल्या. "किती गोड! आणि घसरगुंडी छान आहे हो. तुमचं कुठलं मॉडेल हे?"

साहेब अभिमानाने मान वर करून पडद्याकडे वळले आणि तिथेच थिजले. त्या घसरगुंडीची पिवळी, वळलेली कड मी ओळखली. त्यांनी ओळखली. पेन्सिलने कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली. ती आमची नव्हती. पलीकडच्या रस्त्यावरच्या कंपनीची होती, ज्यांचं नाव आमच्या ऑफिसात कुणी काढत नाही.

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. सकाळी केबिनमध्ये मी हसून वेळ मारून नेली होती. आता हसायला काही उरलं नव्हतं.

"ती आमची नाही," मी म्हणालो. "आमच्या घराजवळच्या बागेतली आहे, दुसऱ्या कंपनीची. मुलगी माझी आहे. फोल्डर मी चुकून माझ्या सासूबाईंच्या नावावर केलं. सकाळपासून सगळ्यांना कारण विचारणाऱ्या त्याच. आणि हे फोटो त्यांनी इथे ठेवले, कारण मी त्यांना ते दाखवायचं विसरलो होतो."

"आणि दात त्या घसरगुंडीवर पडला?" बाईंनी विचारलं.

साहेबांच्या डोळ्यांत एकदम आशा चमकली. त्यांनी मला अगदी बारीकशी मान हलवून दाखवली. हो म्हण, हो म्हण.

"नाही," मी म्हणालो. "पोळी खाताना पडला."

[कॉमेंट, सासूबाई: शाबास.]

पुढे प्रस्ताव दाखवला, दर सांगितले, हिशेबवाल्या ताईंच्या बेरजा बिनचूक निघाल्या. जाताना बाई म्हणाल्या, "माणसं सरळ आहात तुम्ही. झोपाळे तुमच्याकडूनच घेऊ." साहेब खुलले. बाई पुढे म्हणाल्या, "घसरगुंड्या मात्र त्यांच्याच घेऊ म्हणते. मूल किती हसतंय बघा ना."

म्हणजे माझ्या पोटच्या पोरीने आमच्या ऑफिसातल्या भिंतीवरून, आमच्याच विजेवर, शेजारच्या कंपनीची जाहिरात केली होती.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांसमोर उभा राहिलो. काम अर्धं मिळालं होतं. अर्धा विभागप्रमुख असं काही पद नसतं, हे मलाही माहीत होतं.

"सासूबाई," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"तरीच. राहू दे ते त्यांच्याकडेच. पेन्सिलने आज पहिल्यांदा कबूल केलं की चित्र चुकलं होतं. त्यांना विचारा, बाकीची फोल्डरंही घेतील का?"

त्यांनी घेतली. कारण विचारून घेतली. आता ऑफिसच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात आणि मी पेन्सिलच्या शेजारी असतो. पंखा तिथे अजूनही पोचत नाही. ही फाइलसुद्धा त्यांच्याच फोल्डरमध्ये आहे. मला लिहायची परवानगी आहे, कॉमेंट काढायची नाही.

इथे शेवटी माझी बाजू मांडणारा एक जोरदार परिच्छेद होता. सकाळी पाहिलं तर तो जागेवर नव्हता. परत मिळावा म्हणून विनंती केली आहे, कारणही लिहिलं आहे. प्रलंबित आहे.

[कॉमेंट, सासूबाई: दुसरा दात हलतोय असं चिमणी फोनवर सांगत होती. आधी त्याचा फोटो येऊ दे, मग बघू.]