रांगण्याचा रकाना

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांपर्यंत गोष्ट निम्मीच पोचते. एका आईची आणि तिच्या तेरा महिन्यांच्या लेकीची गोष्ट सांगतो. घटकाभर ऐका.

आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. सोमवारी रुजू झाली नाही, तर तिचं मशीन दुसरीला मिळणार होतं. पाळणाघर लेकीला घ्यायला तयार होतं. फक्त बालविकास कार्यालयाचा 'हालचाल-नियंत्रण दाखला' हवा होता. म्हणून शुक्रवारी दुपारी ती लेकीला कडेवर घेऊन तिथे गेली.

तिथल्या साहेबांनी लेकीच्या वाढीचा तक्ता उघडला. मान धरणे, ठीक. पालथे पडणे, ठीक. बसणे, ठीक. मग पेन थांबलं.

"रांगण्याचा रकाना कोरा आहे."

"रांगलीच नाही हो ती. ढुंगणावर सरकायची. मग एक दिवस खुर्ची धरून उभी राहिली अन् लागली चालायला."

"रांगल्याशिवाय? कोणत्या आधारावर?"

"आधी खुर्चीच्या. आता तोही लागत नाही."

तोवर लेक दोन्ही हात वर धरून, फेंगडे पाय टाकत, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या कचऱ्याच्या टोपलीत डोकावत होती. साहेबांनी तिच्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

"कार्यालयाच्या दृष्टीने ती अजून बसलेली आहे."

"अहो, देवानेच तिला तो टप्पा माफ केला..."

"त्यांचा तसा अर्ज आमच्याकडे नाही. रांगायला शिकवून आणा."

आईने तिथेच ओढणी अंथरली, लेकीला पालथं घातलं. लेक उठून उभी. पुन्हा घातलं, पुन्हा उभी.

"अगं बाई, तूच दाखव की रांगून! बघून शिकेल," मागे ताटकळलेल्या ओळीतलं कुणीतरी ओरडलं.

सोमवार डोळ्यांपुढे होता. आई गुडघ्यांवर आली. उजवा हात, डावा गुडघा. डावा हात, उजवा गुडघा. लेक टाळ्या पिटत बाजूने चालली. आई टेबलापाशी पोचली, तेव्हा साहेबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

"रकान्यात नुसतं 'रांगणे' आहे. कोणी, ते विचारलेलं नाही." त्यांनी लिहिलं, 'समन्वय उत्तम', आणि शिक्का हाणला.

ओळीने हे पाहिलं. दोन महिने खेटे घालणाऱ्या एका बापाने मुकाट्याने पँट दुमडली आणि तो जमिनीवर बसला. मागच्या बाईने पर्स दातांत धरली. पाच मिनिटांत सगळी ओळ गुडघ्यांवर. चहा घेऊन आलेला शिपाईही, कुणी सांगितलं नसताना, रांगतच आत गेला. कामं झपाझप होऊ लागली.

उभी तेवढी ती लेक होती. डुलत होती, धपकन पडत होती, पुन्हा उठत होती.

हसलात? हसा, हसा. फक्त उठताना आपापले गुडघे झटकून घ्या. धूळ कुठली, ते मी विचारणार नाही. आणि उद्या एखाद्या खिडकीपुढे कंबर आपोआप वाकायला लागली, तर त्या पोरीची तेवढी आठवण काढा.