मेश्राम काकांचे शिंगवाले पाहुणे

संध्याकाळी सोसायटीच्या गेटातून आत येताना कोणी हॉर्न वाजवला, की मेश्राम काका ओठांवर बोट ठेवून गाडीवर धावून जात. "झोपलेत ना ते! काहून उठवता बाप्पा?"

मी आयटीत लागल्यावर हडपसरच्या पुढे फ्लॅट घेतला, तेव्हा मला वाटलं, काकांच्या घरी तान्हं नातवंड असावं. काकांनी मला हाताला धरून कुंपणाजवळच्या सूर्यफुलांपाशी नेलं. तिथे एका वाळक्या काडीला मधमाशीसारख्या आठ-दहा माश्या जबड्यानं घट्ट धरून झोपल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर जवळजवळ अंगाएवढी लांब दोन शिंगं!

"शिंगं नाही, नाक आहे ते," काका कुजबुजले. "मादीचा वास घ्यायला. हे सगळे नर. दिवसभर बायकांच्या मागे फिरतात, एकमेकांना ढुशा देतात, अन् घर नाही म्हणून रात्री एकाच काडीवर मुक्काम. आमचं होस्टेल असंच होतं."

काका मूळचे भंडाऱ्याचे. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. "मध किती निघतो?" असं कोणी विचारलं, की ते भडकत. "तुमच्यातून किती निघतो?" मग शांत होऊन सांगत, "पराग इकडचा तिकडे नेते ही माशी. सूर्यफुलात दाणा भरतो, तुरीला शेंगा धरतात. तुमच्या वरणात हिचा हात आहे."

माद्यांची बिळं होती पार्किंगशेजारच्या उघड्या मातीत. आणि नेमक्या त्याच मातीवर सोसायटीला फरशा बसवायच्या होत्या. गाड्या वाढल्या होत्या ना! काकांनी हट्टानं सभा तिथेच, ऐन मावळतीला भरवायला लावली.

सेक्रेटरी देवधर अस्सल पुणेरी. "मेश्राम, या माश्या सभासद आहेत का?"

"भाडेकरू आहेत. इथं शेत होतं तेव्हापासूनच्या."

"आणि चावल्या तर?"

"नराला नांगीच नसते. हे बघा!" काकांनी काडीवरचा एक नर अलगद तळहातावर घेतला. तो झोपाळू जीव भेलकांडत उडाला आणि थेट देवधरांच्या टकलावर बसला.

देवधर ओठ न हलवता म्हणाले, "मेश्राम, हा नरच आहे ना?"

"थांबा, शिंगं बघू द्या." काकांनी चष्मा लावला आणि देवधरांभोवती सावकाश प्रदक्षिणा घातली. "नरच आहे. जागा मात्र कशी काय पसंत पडली, कोण जाणे."

देवधर वहिनी तर हसून हसून खालीच बसल्या. डोक्यावर माशी तशीच ठेवून, मान ताठ धरून देवधरांनी ठराव वाचला: फरशा पलीकडच्या बाजूला बसवाव्यात. टाळ्या वाजवायला काकांनी मनाई केली.

काही आठवड्यांनी काडी रिकामी झाली. काका मात्र रोज मातीपाशी येऊन बसत. एका संध्याकाळी देवधर आणि मी त्यांच्याजवळ गेलो. "काका, सगळ्या गेल्या का हो?" मी विचारलं.

"मोठ्या मेल्या. लेकरं आहेत खाली. आई एकटीच खोली खणते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते अन् दार बुजवते. लेकराचं तोंड बघायला ती काही राहत नाही. पण डबा भरून जाते हो." ते मातीकडे बघत राहिले. "माझी माय मी जन्मलो तेव्हाच गेली. बाप कामावर. गल्लीतल्या घरांनी पाळीपाळीनं जेवू घातलं मला. चांगलं घालायचे, खोटं कशाला बोलू? पण आज कोणाच्या घरी जेवायचं, हे मात्र रोज विचारावं लागायचं."

देवधरांनी घसा खाकरला.

"मेश्राम, उठा. हिनं पानं घेतलीत, तुमचंही घेतलंय. आणि हे बघा, उद्यापासून विचारायचं नाही. यायचं."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि भाजी कसली आहे हेही न विचारता ते देवधरांच्या मागोमाग जिना चढू लागले.