भुताचे मोदक

एका जंगलात, मुलांनो, एक सोसायटी होती. गुहा बारा आणि समित्या चौदा. तिथल्या सहा नंबरच्या गुहेत हेमलता अस्वले राहायची. सोबत नवरा दामोदर आणि मुलगी पिंगा.

हेमलता स्वभावाने फार गोड. हाताला मात्र अजिबात चव नव्हती. तिचा लाडू कुणाच्या दाताला हार जात नसे. तिची चकली तेलात पडली की विरघळून जाई. पण लोक हसायच्या आत ती स्वतःच हसून घ्यायची.

"आमच्याकडे जेवायला या," ती सगळ्यांना म्हणायची, "फक्त येताना जेवून या."

सगळे पोट धरून हसत. दामोदर खाली मान घालून जेवत असे. अस्वलाच्या मानाने तो बराच वाळला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी करकोच्यांचं कुटुंब परदेशातून परत आलं. येताना हॅलोविन घेऊन आलं.

"म्हणजे काय हो?" हेमलताने विचारलं.

"त्या दिवशी सगळ्यांनी भयानक दिसायचं," करकोचेबाई म्हणाल्या. "आणि घरी केलेला भयानक खाऊ एकमेकांना द्यायचा."

"आपण अस्वलं आहोत," दामोदर म्हणाला. "आणखी काय दिसायचं?"

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. लगेच समिती नेमली गेली. ही पंधरावी. घरगुती भयानक खाऊची स्पर्धा ठरली. परीक्षक म्हणून गवे सरांना बोलावलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि खाण्यातले दर्दी होते.

"पहिला नंबर हेमलताचाच!" कोल्हेबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तिला वेगळं काही करायलाच नको. रोजचा डबा आणला तरी पुरे!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हेमलता हसली.

 घरी आल्यावर पिंगा म्हणाली, "आई, तू का हसतेस? मला नाही हसू येत."

  हेमलता पदर खोचून म्हणाली, "बक्षीस आणते बघ. असा भयानक खाऊ करते, की सरांना घाम फुटला पाहिजे."

तिने भुताचे मोदक करायचं ठरवलं. पांढरी, फाटकी, वेडीवाकडी भुतं.

एरवी मोदक करताना तिची छाती धडधडायची. पीठ तीनदा मोजायचं, पाणी चारदा. उकड मळून मळून रबर करायची आणि मोदकपात्राचं झाकण दर मिनिटाला उघडून बघायचं. आज कशाचीच भीती नव्हती. बिघडले तर उत्तमच!

तिने पाणी अंदाजाने ठेवलं. पीठ अंदाजाने ओतलं. गूळखोबरं मंद आचेवर टाकून शेजारी गप्पा मारून आली. मग फाटक्या कफनासारख्या दिसाव्यात म्हणून कळ्या पाडल्या त्याही गाणं गुणगुणत. डोळ्यांच्या जागी काळे मनुके बसवले आणि झाकण ठेवून ती चक्क आडवी झाली.

झाकण उघडलं आणि तिने डोक्याला हात लावला.

"अहो, इकडे या! सगळे बिघडलेत!"

दामोदर धावत आला. पात्रात एकवीस मोदक होते. पांढरेशुभ्र, मऊ, पातळ पारीचे. कळ्या अशा, की देवालाही बघत बसावंसं वाटावं.

"कुठे बिघडलेत?" तो म्हणाला.

"तेच तर! बिघडलेच नाहीत!"

पुन्हा करायला वेळ नव्हता. तेच ताट घेऊन ती मैदानात गेली. कोल्हेबाईंनी शेवयांची गांडुळं केली होती, वर बिटाचं रक्त. लांडगेबाईंनी शंकरपाळ्यांच्या पिठाची तुटकी बोटं तळून आणली होती. बघणारे दोन पावलं मागे सरकत होते.

गवे सर हेमलतापाशी आले. एक मोदक उचलला, खाल्ला आणि डोळे मिटले. मग दुसरा. मग चौथा.

"यात भय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"सर, डोळे लावलेत ना."

"डोळे प्रेमळ आहेत." सरांनी वहीत लिहिलं. "शून्य गुण. आणखी एक द्या."

पहिला नंबर कोल्हेबाईंचा आला. त्यांची गांडुळं कुणीच खाल्ली नाहीत.

"बघा," हेमलता मोठ्याने म्हणाली, "मला मेलीला वाईटसुद्धा नीट करता येत नाही!"

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

पिंगाने ताटातला शेवटचा मोदक उचलला. अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा आईच्या तोंडात घातला. हेमलताने चावून बघितला. काहीतरी चटपटीत बोलावं, असं तिच्या मनात आलं. पण त्याऐवजी तिने पिंगाला जवळ ओढलं.

पुढच्याच आठवड्यात दिवाळी आली. हेमलताने मापं काढून, घड्याळ लावून, जीव ओतून अनारसे घातले. ते तुपात हसले. इतके हसले, की कढईत नुसता चुरा झाला.

"आता अनारसेही मला हसायला लागले," ती म्हणाली.

"आई, चेटकिणीचे कान कर ना," पिंगा म्हणाली. "भोकाभोकांचे. किडके."

हेमलताने उरलेलं पीठ घेतलं आणि मन लावून किडके कान करायला बसली. अनारसे जाळीदार झाले. दामोदरने उभ्याउभ्या नऊ खाल्ले.

कोल्हेबाई कृती विचारायला आल्या. "माप काय घेतलंस गं?"

"माप काही नाही," हेमलता म्हणाली. "फक्त मनात हेतू वाईट हवा."

तात्पर्य : मुलांनो, एखादं काम चांगलं व्हावं असं वाटत असेल, तर ते बिघडवण्याच्या निश्चयानेच हाती घ्यावं. बक्षिसाची आशा मात्र ठेवू नये. बक्षीस गांडुळांनाच मिळतं.