भिंतीकडे तोंड करून पाहिलेला कार्यक्रम

मामिरकुलच्या दुखवट्याच्या लोकरी तंबूत बुरुलचा रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि रुमालाआड तिच्या डाव्या कानात एक विनोदवीर आपल्या बापाची गोष्ट सांगत होता.

नारीन नदीच्या खोऱ्यात तिच्यासारखी विलाप गाणारी दुसरी नव्हती. बाहेर पाहुणे उतरले, पुरुषांनी काठ्यांवर रेलून हंबरडा फोडला, की आत बुरुलचाने मृताचे गुण गायचे. पण पाहुण्यांच्या दोन गाड्यांमधला वेळ फार लांब. त्यात शहरातल्या बहिणीने सकाळीच कळवले होते, "नवा कार्यक्रम आलाय. बघ आणि मत सांग."

मत म्हटले की बुरुलचाला दम निघत नसे. आटलेल्या नदीवरचा माहितीपट पाहून ती म्हणाली होती, "एवढे मासे मेले, पण सांगणाऱ्याचा आवाज जरा हलला नाही! याला आमच्या तंबूत कुणी चहा विचारला नसता." विनोदवीरांना तर ती सोडतच नसे. "हसवणं काय, रडवणं काय, सगळं थांबण्यात असतं. ही पोरं थांबतच नाहीत."

आज मात्र काळजी वेगळीच होती. शेजारी बसलेली बातमा, मामिरकुलची बायको आणि बुरुलचाची लहानपणची मैत्रीण, तीन दिवसांत ना रडली होती, ना तिने घास खाल्ला होता.

"हिला रडव गं बाई," म्हाताऱ्या कुजबुजत, "नाहीतर ही पण जाईल त्याच्यामागे."

ठेवणीतले सगळे विलाप गाऊन झाले, गळा बसला, बातमा दगडच. हरलेल्या मनाला घटकाभर विरंगुळा म्हणून बुरुलचाने इयरफोन खोचला होता.

विनोदवीराचा बाप म्हातारा घोडा विकून बाजारातून दुप्पट किमतीत नवा घेऊन आला होता. बुरुलचाचे खांदे गदगदू लागले.

"बघा, कशी आतल्या आत रडतेय!" मागची एकजण म्हणाली आणि तिनेही गळा काढला. मग सगळ्यांनीच काढला. आतला आकांत ऐकून बाहेरच्या पुरुषांनी आवाज चढवला. रस्त्याने चाललेला एक ट्रकवाला कोण गेले ते न विचारताच उतरून रडू लागला. सगळ्यांत वयस्कर आयिमकान आपाला राहवले नाही. तिने धावत येऊन बुरुलचाला कवटाळले, आणि त्या मिठीत इयरफोनची वायर फोनमधून निसटली.

"...आणि नवा घोडा न दाखवताच सरळ जुन्याच्या दावणीला जाऊन उभा राहिला!" फोन खणखणीत बोलला. त्यापाठोपाठ फोनमधल्या प्रेक्षकांचा हशा तंबूभर घुमला.

"बुरुलचा!" आयिमकान आपा ताडकन मागे सरली. "मयताच्या घरात? लाज आहे का? आजपासून तुझा गळा आम्हाला नको!"

बुरुलचा फोनवर बोटे आपटत राहिली. फोन काही बंद होईना.

"राहू दे गं," बातमा म्हणाली. तीन दिवसांतले तिचे पहिले शब्द. "हा पोरगा फार घाई करतो."

"काय?"

"घोड्याची गोष्ट अशी सांगतात होय? आमच्या घरी खरंच झालेलं हे. दावणीला घोडा बघून आमचा माणूस एक शब्द बोलला नाही. चहा मागवला. अख्खा पेला संपवला. घोड्याचे दात बघितले." बातमाने मान तिरकी केली, मिशांवरून हात फिरवावा तसा ओठांवरून फिरवला. "मग म्हणाला, 'बातमा, या परक्या घोड्याला आपलं घर कुणी दाखवलं?'"

आयिमकान आपाने रुमालाचे टोक तोंडात कोंबले. उपयोग झाला नाही. ती फिसकन हसली. मग सगळा तंबूच हसत सुटला. हसता हसता बातमाचा चेहरा वाकडा झाला, आणि बर्फ वितळून ओढा सुटावा तशी ती रडू लागली.

बाहेर गाडी थांबली. बुरुलचाने घसा खाकरला. बातमाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू नुसती साथ दे. आज मी म्हणते."

*विकला घोडा परतून आला, दावण त्याने ओळखली रे,*
*तुला सख्या मी पाणी ठेवले, वाट तुझी का चुकली रे...*

दारात आलेले पाहुणे गोंधळून उभे राहिले. आतल्या बायका हसताहेत की रडताहेत, काही कळेना. दुसऱ्या कडव्याआधी बातमा बुरुलचाच्या कानाशी वाकली.

"कुणाला तरी सांग ना, रस्सा गरम करा म्हणावं. उपाशीपोटी वरचा सूर लागत नाही."