मेव्हण्यांना वारा

रविवारी दुपारी जेवून झोपणं हा गुन्हा आहे असं कोणी म्हटलं असतं, तर तक्रारसाहेबांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आता ते स्वतःच तसं म्हणतात, आणि लोक त्यांना वेड्यात काढतात.

तक्रारसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते तक्रारींच्या फोनवर बसत, आणि इतकी वर्षं बसले होते की शेजारची पोरंसोरंही त्यांना त्याच नावाने ओळखायची. नोकरीची सगळी विद्या तीन वाक्यांत मावायची. "प्लग नीट बसलाय का?" "बटण चालू आहे का, एकदा बघून घ्या." आणि "माणूस निघालाय." पहिल्या दोन वाक्यांत निम्म्या तक्रारी मिटायच्या, उरलेल्या तिसऱ्यावर दिवस काढायच्या. (माणूस निघालेला नसायचाच. तो तेव्हा कुठे असतो, हे साहेबांनाही आजवर कळलेलं नाही.)

बटण बंद ठेवून मशीन बिघडल्याची बोंब मारणाऱ्या गिऱ्हाइकांचे किस्से ते रोज संध्याकाळी बायकोला रंगवून सांगत. बायको पोट धरधरून हसायची. मग थंडीत तिचा दादा गेला आणि तिचं हसणं थांबलं. साहेबांनी जुने किस्से तिखटमीठ लावून सांगून पाहिले, नवे रचून पाहिले. ती नुसतं "हं" म्हणायची. बोलायची चांगलं, वागायची चांगलं, पण दिवेलागणीला त्या घरात बसवत नसे.

दादाच्या मागे राहिली होती एक काचेची पेटी. आत खारं पाणी, दोन दगड, आणि समुद्रातला एक नारिंगी मासा, अंगावर तीन पांढरे पट्टे. वहिनीच्याने ती सांभाळणं होईना, म्हणून बायकोने पेटी घरी आणली आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडली. रोज सकाळी ती माशापुढे बसून हळू आवाजात काहीबाही बोलायची. साहेबांना मात्र त्याच्याकडे बघवत नसे. खाली वळलेले ओठ, वटारलेले डोळे, आणि 'आपण आपल्या बहिणीला कुठे देऊन बसलो' असा चेहरा. हुबेहूब दादा! मनातल्या मनात ते त्याला मेव्हणेच म्हणत. (उघड म्हणायची छाती नव्हती.)

त्या रविवारी बायको वहिनीकडे निघाली. दादाचे कपडे कपाटातून काढायचे होते आणि वहिनीला एकटीला त्यांना हात लावायचा धीर होत नव्हता. ऊन नुसतं भाजून काढत होतं. पेटीच्या काठावर दोन छोटे पंखे बसवलेले होते. ते पाण्यावर वारा मारत राहायचे, म्हणून पाणी थंड राहायचं.

"अहो, तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाहीये," चपला घालता घालता ती म्हणाली. "पंखे चालू आहेत, तेवढं बघा. पाणी तापलं तर तो जगायचा नाही."

"अगं, गार करायच्या कंपनीत आहे मी!"

"फोनवर आहात," ती म्हणाली. मग दारात थांबली. "दादाचं एवढंच राहिलंय हो माझ्याकडे."

साहेब जेवले आणि पेटीशेजारच्या दिवाणावर आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच पंख्यांची घर्र घर्र कानात शिरली. दादासुद्धा मुक्कामाला आला की असाच रात्रभर घसा खाकरायचा. साहेबांनी कूस बदलली, उशी डोक्यावर घेतली, शेवटी अर्धवट झोपेत हात लांब करून टेबलामागे, भिंतीवर, चाचपडलं. बोटांना बटण लागलं. ते दाबलं. घरघर थांबली. पाच मिनिटं, ते स्वतःला म्हणाले. पाचच मिनिटं.

जाग आली ती मान घामाने चिकटली म्हणून. ऊन सरकत सरकत थेट पेटीवर आलं होतं. काचेवरच्या तापमापकाचा काटा हिरवा पट्टा सोडून लाल पट्ट्यात जाऊन बसला होता, आणि मेव्हणे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करत होते.

"अरे देवा!"

साहेबांनी पडदा ओढला आणि पंख्यांच्या वायरला असलेलं छोटं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंखे ढिम्म. झोपेत आपण नेमकं कुठलं बटण दाबलं होतं ते त्या झोपेलाच माहीत, साहेबांना ते आठवेना. शेजारी पाणी फिरवणारा पंप मात्र झकास चालू होता. म्हणजे वीज आहे. म्हणजे पंखेच जळाले. इतक्या वर्षांच्या अनुभवाने त्यांनी हा निष्कर्ष काढला आणि स्वतःच्याच ऑफिसला फोन लावला. रविवारी तिथे एक मुलगी असायची. तिला कामाला तयार केलं होतं साहेबांनीच.

"नमस्कार, तक्रार विभाग."

"अगं, मी बोलतोय. पंखे बंद पडलेत. ताबडतोब माणूस पाठव."

"हो सर. प्लग नीट बसलाय का?"

"बसलाय, बसलाय!"

"आणि बटण चालू आहे का, एकदा बघून..."

"मला विचारतेस?" साहेब कडाडले. "मला? हे वाक्य तुला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच, सर. गिऱ्हाईक चिडलं तरी विचारायचंच, असंही म्हणाला होतात."

"मी गिऱ्हाईक आहे का?"

 मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "माणूस निघालाय, सर."

 माणूस निघालाय म्हणजे काय, हे साहेबांइतकं कोणाला ठाऊक होतं!

आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली.

"समुद्राला थंड प्रवाह लागतो," ते म्हणाले. "तुमच्या समुद्राला तो नाही. बर्फ टाका. आणि तो डोक्यावरचा पंखा आधी बंद करा, छताची गरम हवा खाली ढकलतोय."

साहेबांनी छताचा पंखा बंद केला आणि फ्रीजमधला होता नव्हता तो बर्फ पेटीत ओतला. मेव्हणे दचकून दगडामागे गेले. पाणी काठावरून टेबलावर, टेबलावरून साहेबांच्या पायांवर आलं. काटा हलला तो केसभर.

"आता खारटपणा कमी झाला असणार," मास्तर शांतपणे म्हणाले.

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

साहेबांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं. (भाजीतलं मीठ त्यांना कधी कळलं नव्हतं, समुद्रातलं काय कळणार?) तरी स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आले. चिमूट पाण्यावर धरली, तेवढ्यात दगडामागून एक वटारलेला डोळा दिसला. चिमूट परत बरणीत गेली. मास्तर चहाची वेळ झाली म्हणून वर गेले.

आता साहेब एकटे राहिले. मासा एका अंगावर कलंडू लागला होता. साहेबांनी वर्तमानपत्राची घडी केली, स्टूल ओढलं आणि पाण्यावर वारा घालायला सुरुवात केली. हात दुखला की दुसऱ्या हाताने. घामाच्या धारा लागल्या. बायको दारातून आत येईल आणि पेटीकडे बघेल, तो क्षण काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून हटेना.

"मेव्हणे," ते पहिल्यांदाच उघडपणे म्हणाले, "आपलं कधी जमलं नाही. माझ्यावर राग असेल तर काढा, पण तिच्यासाठी जगा हो. तिला पुन्हा तेच नको."

मेव्हण्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पण हळूहळू ते सरळ झाले. काटा लाल पट्ट्याच्या काठाशी आला. साहेबांनी हात थांबवला की पुन्हा मागे जायचा, म्हणून साहेबांनी हात थांबवला नाही.

कुलूप वाजलं तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको आत आली. हातात पिशवी, पिशवीतून दादाचा लोकरीचा स्वेटर डोकावत होता. तिने जमिनीवरचं पाणी पाहिलं, घामाने निथळणारा नवरा पाहिला, त्याच्या हातातलं लगदा झालेलं वर्तमानपत्र पाहिलं.

"पंखे जळाले गं," साहेब म्हणाले.  "आहे तो, जिवंत आहे. मी थांबलोच नाही."

 ती पिशवी खाली ठेवून स्टुलाजवळ जमिनीवर बसली.

"दवाखान्यात शेवटी शेवटी मी दादाला असाच वारा घालत होते," ती म्हणाली. "नर्स म्हणाली, बाई, आता राहू द्या. मला थांबवेना." मग तिने साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्हाला त्याचं एवढं असेल असं नव्हतं वाटलं हो मला."

 लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या डोळ्यांत आपल्याबद्दल असं काही साहेबांनी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात हत्यारांची पेटी घेतलेला मेकॅनिक उभा होता. कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच 'माणूस निघालाय' म्हटल्यावर माणूस खरोखर निघाला होता.

"सर, तुमचं घर म्हणून सगळी कामं टाकून आलो," तो म्हणाला. टेबलाजवळ गेला, वाकला, टेबलामागे हात घातला.

टक्.

पंखे घर्र घर्र करत फिरू लागले.

"बटण बंद होतं, सर," मेकॅनिक म्हणाला. त्याने साहेबांकडे न बघता हत्यारांची पेटी उचलली आणि जिना गाठला. पैशांचं नावही काढलं नाही त्याने.

खोलीत फक्त पंख्यांचा आवाज राहिला. बायको दिवाणाकडे बघत होती. दिवाणावर उशी होती, उशीवर डोक्याचा खळगा होता, आणि उशीपासून भिंतीवरचं बटण बरोबर एका हातावर होतं.

"झोपला होतात," ती म्हणाली.

"पाच मिनिटं."

"आणि मग सबंध दुपार वर्तमानपत्राने..." तिचे खांदे हलू लागले. आधी साहेबांना वाटलं की ती रडते आहे. मग तिच्या तोंडून जो आवाज फुटला तो ऐकून मास्तर वरच्या जिन्यापर्यंत आले. ती पोट धरून हसत होती. पेटीच्या काचेला कपाळ टेकवून "दादा, अरे दादा, बघितलंस का" म्हणत हसत होती. हसता हसता कधी रडायला लागली ते साहेबांना कळलं नाही. थंडीपासूनचं सगळं एकदम बाहेर पडत होतं. ती पिशवीतला स्वेटर काढून त्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली, घामाने डबडबली.

काय करावं ते साहेबांना सुचेना. शेवटी त्यांनी ते वर्तमानपत्र उचललं आणि बायकोला वारा घालू लागले.

बायकोने स्वेटरातून ओला चेहरा वर काढला, त्यांच्याकडे पाहिलं आणि छताकडे बोट केलं.

"अहो, डोक्यावर पंखा आहे की! बटण दाबा."

साहेब लगबगीने उठले, भिंतीपाशी गेले आणि बटण दाबलं. ट्यूब लागली.