दहा लाख तीनला भाग जात नाही

धायरीच्या दशरथने घरी नळजोड मिळावा म्हणून पाण्याच्या कचेरीत अर्ज केला, आणि त्याला दहा लाख तीन हा क्रमांक मिळाला. त्याची बायको ललिता टँकरचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवून कंबरेतून गेली होती. कचेरीला कंबरेपेक्षा न्यायाची काळजी जास्त. वशिल्याची ओरड झाल्यापासून तिथे निःशेष भागाकार पद्धत होती: टेबलाच्या क्रमांकाने अर्जाच्या क्रमांकाला पूर्ण भाग गेला, तरच तो अर्ज त्या टेबलाचा.

दोन नंबरच्या टेबलावरच्या सुखदेवांनी शेवटचा आकडा पाहिला आणि विषम म्हणून अर्ज परत केला. तीनवाल्या बाईंनी अंकांची बेरीज केली, ती चार आली. पाचवाल्यांनी नुसती मान हलवली. सातवाल्यांनी रीतसर भागाकार मांडला, मध्ये जेवून घेतलं आणि बाकी उरल्याचं दुःखाने कळवलं.

"अहो, ही मूळ संख्या आहे," सुखदेव म्हणाले. "हिला एकने आणि स्वतःनेच भाग जातो. आपण आधी चौकशी करून अर्ज करायचा होता."

एक नंबरचं टेबल साहेबांचं. एकने तर अख्ख्या शहराच्या अर्जांना भाग जातो, सगळेच आले तर कसं व्हायचं, म्हणून साहेब कुणालाच भेटत नसत.

उरलं दहा लाख तीन नंबरचं टेबल. ते कचेरीत नव्हतं, पण नियमात बसत होतं. तेव्हा ते मांडण्याचा ठराव झाला, आणि या क्रमांकाचा अनुभव असलेला दुसरा माणूस नसल्याने तिथे दशरथचीच नेमणूक झाली. खुर्ची, पंखा, पाठीमागे गार पाण्याचं यंत्र. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या अर्जावर सही करायला पेन काढलं. सुखदेवांनी हात धरला. स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करणं नियमबाह्य होतं.

दशरथ आधी फार संतापला. मग वेळेवर चहा येऊ लागला.

अखेर ललिताने स्वतःच्या नावाने अर्ज केला. क्रमांक आला दहा लाख चार. त्याला दोनने दोनदा भाग जातो, म्हणजे एकाच घरासाठी दोन अर्ज असणार, असा संशय घेऊन सुखदेवांनी तिला नवऱ्याच्या टेबलाकडे पाठवलं.

"अहो, आपल्या नळाचं तेवढं बघा," ती कंबर धरून म्हणाली.

दशरथने मान वर न करता भागाकार केला. "बाकी एक उरते. आपला अर्ज या टेबलाचा नाही."

जाताना ललिताने यंत्राखाली बाटली धरली, तेव्हा त्याने फक्त कर्मचाऱ्यांसाठी अशी पाटी बोटाने दाखवली.

दशरथचा राग आला ना? येणारच. पुढची मूळ संख्या दहा लाख तेहतीस. त्या टेबलाची खुर्ची अजून रिकामी आहे, आणि कचेरीबाहेर लागलेल्या रांगेत नळ मागणारा एकही नाही. जरा पुढे सरका, तुमच्या मागेही माणसं उभी आहेत.